तुळशीराम ड्रेसरची तपासणी

ज्या माणसाइतकं घाबरलेलं मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही, त्याच माणसाच्या भरवशावर माझ्या वडिलांचे शेवटचे दिवस बरे गेले. त्यांचं नाव तुळशीराम. आडनाव होतंच, पण आमच्या पवनी गावात ते कुणी वापरत नसे. सरकारी दवाखान्यात जखमा धुण्याचं आणि पट्ट्या बांधण्याचं काम करून ते निवृत्त झाले होते. त्या कामाचंच नाव त्यांना चिकटलं. म्हातारेकोतारे ‘ड्रेसर’ म्हणत, आम्ही ‘ड्रेसरकाका’.

बाबांना गळ्याचा कॅन्सर झाला तेव्हा ते आमच्या घरात आले. नागपूरच्या डॉक्टरांनी बाबांच्या गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी बसवली होती. दोन महिन्यांनी त्यांनीच सांगितलं, आता करण्यासारखं काही उरलं नाही, घरी न्या, त्रास होऊ देऊ नका. त्रास होऊ द्यायचा नाही म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. आई आधीच गेली होती. भाऊ पुण्यात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि घरात आम्ही दोघंच होतो. बाबांचा आवाज गेला होता. त्यांना काही सांगायचं असलं की मी शाळेतून आणलेल्या पाटीवर ते लिहीत.

त्या नळीतून शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा. तो आला की माझे पाय गार पडत. आला नाही की जास्तच गार पडत.

ड्रेसरकाका रोज सकाळी सातला येत. दारात चप्पल काढली की मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धूत आणि ते हात हवेतच वाळवत उभे राहत. टॉवेल कधी घेतला नाही. मग बाबांच्या खाटेजवळ बसून प्रत्येक गोष्ट आधी सांगत. “दादा, आता आतली नळी काढतो. खोकला येईन, येऊ द्या. आता कापूस फिरवतो, गार लागन.” बाबा ग्लानीत असले तरी सांगत. मी एकदा विचारलं, “काका, त्यांना कळतंय का?” ते म्हणाले, “आपल्याले काय मालूम? कळत असन तर?”

त्यांना गप्पा मारता येत नसत. चहा बशीत ओतून, फुंकर न मारता, थंड होईपर्यंत बघत बसत. कुणी ‘पेशंट सिरीयस आहे’ म्हटलं की त्यांना राग येई. “सिरीयस म्हंजे काय? ताप आहे का, दुखून राहिलं का, झोप नाही का, काय ते नीट सांगा ना.” त्यांचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. वडील वैनगंगेत मासेमारी करत. पण गावाबद्दल ते काही बोलत नसत. मूलबाळ नव्हतं. बायको सरजा काही वर्षांपूर्वी वारली होती, एवढंच ऐकून माहीत होतं.

एके दिवशी मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत असताना शेजारणीचा फोन आला. बाबांच्या नळीत कफ अडकला होता, ते निळे पडले होते. मी धावत घरी पोचले तेव्हा ड्रेसरकाका त्यांना टेकू देऊन बसले होते. काही विसरलं म्हणून ते परत आले होते, म्हणून बाबा वाचले. बाबांचा श्वास सुरू झाला होता, पण काकांच्या कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

त्या दिवसापासून मला शाळेत उभं राहवेना. फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागे फोन वाजतोय असं वाटे. भावाला कळवलं. त्यानं तासाभरात भंडाऱ्याकडच्या एका सेवा केंद्राचा व्हिडिओ पाठवला. शेवटच्या दुखण्यातल्या माणसांसाठीच ते काढलेलं होतं. पांढऱ्या भिंती, हसऱ्या नर्सेस, मागे बासरी. “उद्याच भरती कर,” भाऊ म्हणाला.

सकाळी मी तो व्हिडिओ काकांना दाखवला. त्यांनी पूर्ण पाहिला, मोबाइल परत दिला आणि मग विचारलं, “तू जाऊन आली का तिथी?”

“नाही. पण चांगलं दिसतंय.”

“पाहून आल्याबिगर नेऊ नको बेटा.”

“मला काय कळणार त्यातलं? तुम्ही याल?”

ते उठले, हात धुतलेले असूनही पुन्हा मोरीत गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले, “उद्या साडेनऊची गाडी. सांगून जायचं नाही. फोन करून तर बिलकूल नाही.”

दुसऱ्या दिवशी बाबांजवळ शेजारीण बसली आणि आम्ही निघालो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशात छोटी बॅटरी होती. भंडाऱ्याची बस धानाच्या बांध्यांमधून चालली होती. ते खिडकीशी बसले होते, मांडीवर दोन्ही हात उपडे ठेवून. स्टँडवरचा चहा त्यांनी तसाच परत केला होता.

“तब्येत बरी नाही का काका?”

“मले भेव लागून राहिलं,” ते म्हणाले. मग सांगू लागले. “सरजाले मी असंच एका जागी ठेवलं होतं. समोर बगीचा होता. डॉक्टर लय गोड बोले. मी ड्रेसर माणूस, लोकाईच्या जखमा पाहण्यात जिंदगी गेली, अन् मी बगीचा पाहून आलो. दर रविवारी जाओ. पांढरीशुभ्र चादर गळ्यापर्यंत ओढून राहे. ती म्हने, मले घरी ने. मी समजलो, घराची आठवन येऊन राहिली असन.”

“मग?”

“मग शेवटची आंघोळ घालतानी पाठ पाहिली.”

भंडारा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. आदल्या दिवशी मी भावाला ‘चालेल’ असं कळवूनही टाकलं होतं.

पुढं मला कळलं की सरजाकाकू गेल्यापासून ते कितीतरी घरच्यांसोबत असे गेले होते. अड्याळ, लाखांदूर, कुठून कुठून लोक येत. कुणाची आई, कुणाचा नवरा, आणि कुठं ठेवावं हे कळत नाही म्हणून. दर वेळी ते असेच घाबरलेले असत आणि दर वेळी जात.

केंद्राचं नाव मी सांगत नाही. काचेचं दार होतं, आत थंडगार हवा, टीव्हीवर भजन लावलेलं. टाय लावलेला एक तरुण व्यवस्थापक पुढे आला आणि आम्हाला खुर्च्या देऊन माहिती सांगू लागला. मी मान हलवत होते. काका मात्र बसलेच नाहीत. त्यांनी विचारलं, “जेवनाचा वखत आहे ना? जरा जेवन पाहू द्या.”

आत आठ-दहा खाटा होत्या. ताटं आलेली होती. काका भराभर चालत होते, आणि मी त्यांच्या मागे. एका बाईचं ताट टेबलावर होतं आणि टेबल तिच्या हातापासून लांब होतं. पाण्याचे पेले भरलेले, पण सगळे भिंतीच्या बाजूला. काकांनी तिथल्या मुलीला विचारलं, “या बाईचं नाव काय हो?” ती म्हणाली, “पाच नंबर.”

मग त्यांनी व्यवस्थापकाला विचारलं, “दुखनं किती आहे ते कोन लिहिते?”

“सगळी नोंद असते काका. दर चार तासांनी.” त्यानं खाटेला अडकवलेला कागद काढून दिला. काकांनी तो वाचला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा वाजले होते. कागदावर दुपारी चारची नोंद आधीच होती. दुखणं नाही. आठचीही होती. दुखणं नाही. सगळी एकाच शाईनं, एका दमात लिहिलेली.

बाबांना ओरडता येत नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

शेवटच्या खाटेवर साठीतले एक गृहस्थ पडले होते. त्यांच्या उशाशी बेलची वायर होती, पण ती गुंडाळून वरच्या खिळ्याला टांगलेली होती. काकांनी तिकडे बोट केलं.

“ते सारखी दाबतात,” व्यवस्थापक म्हणाला. “काही नसतं, तरी दाबतात.”

काका खाली वाकले आणि त्यांनी पायथ्याची चादर उचलली. आमच्या घरी कापूस लावण्याआधीसुद्धा सांगणारा हा माणूस, तिथं काही न विचारता, न सांगता चादर उचलत होता. त्यांनी बॅटरी लावली. दिवसेंदिवस न हलवता ठेवल्यानं त्या माणसाच्या दोन्ही टाचा काळ्या पडल्या होत्या. मग त्यांनी त्याला खांद्याला धरून हलकेच कुशीवर केलं, आणि मी पाठ फिरवली. मला वासावरूनच कळलं होतं.

त्या माणसानं काकांचं मनगट धरलं. बोटं हाडकुळी होती, पण काकांना सुटता येईना. “मले घेऊन जा,” तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. “मले इथून घेऊन जा.”

“हे सगळ्यांनाच असं म्हणतात,” व्यवस्थापक म्हणाला.

“सगळ्यायले म्हनते म्हनून कोनीच आयकत नाही का?” काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

व्यवस्थापकानं आम्हाला बाहेर जायला सांगितलं. पुन्हा सांगितलं, आणि या वेळी दारापाशी आणखी एक माणूस येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता पोलिसांना बोलावतील, शाळेत कळेल. मी काकांची बाही ओढली. ते म्हणाले, “जातो. याले उशी लावून जातो.” त्यांनी त्याच्या पाठीमागे उशी दाबून बसवली, दोन गुडघ्यांच्या मध्ये चादरीची घडी घातली, खिळ्यावरची बेल सोडवून त्याच्या मुठीत दिली, आणि कानाशी तोंड नेऊन मुलाचा फोन नंबर विचारला. त्या माणसाला तो पाठ होता. मी हातावर लिहून घेतला.

फाटकाबाहेर आल्यावर काका एका झाडामागे गेले आणि त्यांना उलटी झाली. मी पाण्याची बाटली दिली. त्यांनी चूळ भरली आणि म्हणाले, “फोन लाव.”

मुलगा लाखनीकडचा होता. त्याला आधी खरं वाटेना. काका त्याला शांतपणे सांगत राहिले, टाच कशी आहे, पाठीवर जखम कुठं आहे, केवढी आहे. शेवटी तो म्हणाला, निघतो. तो येईपर्यंत आम्ही रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावर बसून राहिलो. मला घरी जायचं होतं, बाबा शेजारणीच्या भरवशावर होते, आणि त्या फाटकाकडे बघवतही नव्हतं. “काका, तो येतोय ना, आपण जाऊ,” मी म्हटलं.

“तो इथी आला अन् याईनं गोड बोलून परत धाडला तर?”

चारच्या सुमाराला मुलगा जीप घेऊन आला. काका त्याच्यासोबत पुन्हा आत गेले. आत जाताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा शाळेत सोडलेल्या पोरासारखा होता. पण गेले. त्या माणसाला सरकारी दवाखान्यात नेलं. तो पुढं महिनाभर जगला आणि मुलाच्या घरी वारला. मुलानं काकांना फोन करून सांगितलं.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, “तुम्ही किती धीराचे आहात.”

“कायचा धीर? आत जातानी लय भेव लागते मले. पन मी भेलो म्हनून पायतो बेटा. सरजाच्या वखतेस नाही भेलो. तवा भ्यायले पायजे होतं.”

भाऊ फोनवर चिडला. एकाच जागेवरून काय ठरवता, म्हणाला. घरी बाबांचं दुखणं वाढत होतं. गोळी पुरेनाशी झाली होती. ते रात्रंदिवस उशी उराशी धरून बसत, आडवं झालं की गुदमरत. पाटीवर लिहीत, ‘काई ठरलं का?’ मी ‘हो, बघतोय’ म्हणत असे आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहत असे. चुकीच्या जागी नेलं तर काय, आणि कुठंच नाही नेलं तर काय, या दोन भीत्यांमध्ये माझे ते दिवस गेले.

दुसरी जागा खूप लांब होती. तुमसरच्या पुढं, आंबागडच्या वाटेवर. एका निवृत्त नर्सबाईंनी जुन्या कौलारू घरात चालवलेली, सहा खाटांची. त्यांना सगळे लता सिस्टर म्हणत. काकांनी रविवार निवडला. “रविवारी मानसं कमी राहते. रविवारी जे दिसन ते खरं.”

आम्ही पोचलो तेव्हा आतून कुणीतरी मोठ्यानं ओरडत होतं. एका बाईचा आवाज, लांबलचक, एकसारखा. मी फाटकातच थांबले. मला म्हणायचं होतं, इथं नको. काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि माझ्यापुढं हात आडवा धरला. “थांब. किती येळ ओरडू देते ते पाहू.”

दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. आतून धावत गेल्याचे पाय वाजले, कुणीतरी बोलू लागलं, आवाज हळूहळू उतरला.

आत गेलो. फिनाइलचा वास होता आणि भाताचा. काका पहिल्याच खाटेशी गेले, तिथं एक आजीबाई झोपल्या होत्या, आणि त्यांचा हात चादरीकडे गेला. तेवढ्यात पंचफुला नावाची तिथली मदतनीस मध्ये येऊन उभी राहिली. हातात भाताचा वाडगा होता.

“काय करून राहिले तुमी?”

“टाच पायतो.”

“तिले इचारलं का?”

काकांचा हात चादरीवरच थांबला.

“ती झोपली आहे. उठली की इचारा. हाव म्हनली तर पाहा. नाही म्हनली तर मी पाहू देनार नाही, तुमी कोनी का असा ना.”

मला वाटलं, आता काका चिडतील. ते दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी हात जोडले. “चुकलं माय,” म्हणाले. पुढं तासभर ते त्या आजी उठायची वाट बघत एका स्टुलावर बसून राहिले. आजी उठल्या, हो म्हणाल्या. टाचा कोरड्या, स्वच्छ होत्या.

लता सिस्टर साठीच्या, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं थोडं कोरडं. काकांनी नळीचा पेशंट असल्याचं सांगितलं आणि विचारलं, “कफ ओढायची मशीन आहे ना? लाइट गेली तर?”

“लाइट तर जातेच,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी कपाटातून पायानं दाबायचा पंप काढला, जमिनीवर ठेवला आणि पेल्यातलं पाणी ओढून दाखवलं. मग पंचफुलालाही करायला लावलं. तिलाही येत होतं.

“दुखन्याचं औषध कोनाजवळ राहते?”

“किल्ली माझ्याकडे, मी नसले तर दुसऱ्या नर्सकडे. वही तुम्ही बघू शकता.” आणि त्यांनी न विचारता सांगितलं, “मागच्या महिन्यात एका रविवारी मॉर्फिन संपलं होतं. माझी चूक. एका माणसाला दुपारभर सोसावं लागलं. तेव्हापासून आठवड्याचं जास्तीचं ठेवतो. पण ते झालं होतं, हे तुम्हाला माहीत असावं.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला मात्र त्या वाक्याची भीतीच वाटली. दुपारभर.

मग सिस्टरनी मला विचारलं, “बाबांना कशाची भीती वाटते?”

मी त्यांचं सगळं करत होते, गोळ्या, नळी, पेज, अंथरूण. हे विचारलं नव्हतं. काकांनीही विचारलं नव्हतं. ते खाली मान घालून बसले होते.

“विचारून या,” सिस्टर म्हणाल्या. “त्यांना इथं यायचं आहे का, तेही विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर आणू नका. मी फोनवर सांगेन काय करायचं ते.”

बससाठी आम्ही फाट्यावर उभे होतो. काका बराच वेळ आंबागडच्या डोंगराकडे बघत होते. म्हणाले, “त्या बाईनं मले अडवलं.”

“हो. जरा तोडूनच बोलली.”

“मले कोनी कुठंच नाही अडवलं आजपावतर. सरजाची चादर कोनीबी उचलली असन, कोनीबी टाकली असन.” आणि मग, “इथी ने दादाले.”

घरी आल्यावर मी बाबांच्या हातात पाटी दिली आणि विचारलं. त्यांनी पेन्सिल धरून खूप वेळ विचार केला. लिहिलं, ‘गुदमरून मरन्याची.’ मी ते पुसायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि खाली आणखी लिहिलं, ‘तू एकटी घरी असतानी.’

आम्ही त्यांना नेलं. तिथं ते पाच आठवडे राहिले. मी रजा टाकली होती. काका दर आठवड्याला कधीही, न सांगता, दोन बस बदलून येत. एकदा जेवणाच्या वेळी, एकदा भल्या सकाळी. सिस्टर त्यांना हसत, पण अडवत नसत. बाबांना तिथं सपाट झोप लागली, कित्येक महिन्यांनंतर. ते एका दुपारी गेले. गुदमरले नाहीत. श्वास लांबत लांबत गेला. सिस्टर एका बाजूला होत्या, मी दुसऱ्या, आणि पंचफुला त्यांचे पाय धरून होती. तरीही मी घाबरले होते, हे खरं सांगते. पण एकटी नव्हते.

त्यानंतर वर्षभर काका सणावाराला येत, बशीतला चहा पीत, जात. मग यायचे थांबले. मी घरी गेले तर दार आतून बंद. खूप हाका मारल्यावर उघडलं. पोट फुगलं होतं, डोळे पिवळे. यकृताचं दुखणं होतं, आणि ते त्यांना चार महिन्यांपासून माहीत होतं.

“कुणाला सांगितलं का नाही?”

“सांगितलं की कुठीतरी नेते.” ते भिंतीला सरकून बसले. “मी कुठीच जानार नाही. लोक पायते ते येगळं, मी काय काय पायलं आहे. दाराले कडी लावून पडतो. होईन ते होईन.”

“लता सिस्टरकडे?”

“दीड वर्स झालं. मानसं बदलते. सिस्टर असन का नसन. असली तरी थकली असन.” दुसऱ्यांच्या खाटांभोवती फिरलेल्या या माणसाला स्वतःच्या खाटेचा विचार सहन होत नव्हता. त्यांनी माझा पदर धरला, आणि मग धरलेला बघून सोडला.

“मी पाहून येते,” मी म्हटलं. “रविवारी. न सांगता.”

मी गेले. शेतात धान कापायला आलं होतं. या वेळी माझ्यासोबत कुणी नव्हतं, आणि मी काही बघायचं विसरले तर ते त्यांच्या अंगावर येणार होतं. मी प्रत्येक खाटेशी गेले, विचारून. पेले पाहिले, कागद पाहिले, स्वयंपाक पाहिला, औषधाची वही पाहिली. पंप दाबून पाहिला.

संध्याकाळी परत आले तेव्हा ते ओट्यावर बसून वाट पाहत होते. “खोटं नको सांगू,” पहिलं वाक्य हेच.

“सिस्टर आहेत. थकल्या आहेत, खरंच. पंचफुला आहे. एक नवीन मुलगी आली आहे, तिला दोन जणांची नावं माहीत नव्हती. न्हाणीघराची कडी तुटली आहे, दार लागत नाही. एका आजोबांची चादर ओली होती, पण मी असतानाच बदलली.”

“टाचा?”

“सगळ्यांच्या ठीक. एकाची लाल आहे, त्याला दर दोन तासांनी फिरवतात. मी तीन वेळा फिरवताना पाहिलं.”

“तुले तिथी भेव लागलं का?”

“लागलं.”

“कायचं?”

“तुम्ही तिथं असाल याचं.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “न्हानीची कडी लावून घ्यायले सांगजो.”

त्यांना नेलं त्या पहिल्याच दुपारी ते खाटेवरून अचानक ओरडले. मी दचकून उठले. पंचफुला भाकरी टाकत होती, ती पिठाच्या हातांनी धावत आली. नवीन मुलगीही आली. काका शांतपणे घड्याळ बघत होते. सिस्टर दारातून म्हणाल्या, “काका, परीक्षा झाली असेल तर सांगा, भाकरी करपून राहिली आहे.”

“पास,” काका म्हणाले. सगळे हसले, तेही हसले, पण चादरीखाली त्यांचे पाय थरथरताना मला दिसत होते.

त्यांची भीती गेली नाही. गेली असं सांगायला बरं वाटलं असतं. रोज तिसऱ्या प्रहरी ती येई. ते पंचफुलाला जवळ बसायला सांगत आणि विचारत, “शेवटी लय दुखन का?” ती म्हणे, “दुखलं तर औषध देऊ. कमी नाही झालं तर आणखीन देऊ. सिस्टर इथीच आहे.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, आणि ती पुन्हा तेच उत्तर देई, तितक्याच सावकाश. सिस्टरनी एकदा त्यांना विचारलं, “काका, भीती घालवायचं औषध देऊ का थोडं?” ते म्हणाले, “द्या. पन पहिले सांगून द्या.”

मी शनिवारी जाई, रविवारी परत येई. शेवटच्या रविवारी ते फार बोलले नाहीत. अर्धा पेला माशाचा रस्सा घेतला, पंचफुलानं गाळून दिलेला. शेजारची खाट त्या सकाळीच भरली होती. तुमसरकडचा एक माणूस, पन्नाशीचा असेल, मुलगी त्याला तिथं पोचवून गेली होती आणि तो छताकडे बघत पडला होता. डोळे मिटायचं नाव नव्हतं. हाताच्या मुठीत चादर.

“तू जाय आता,” काका मला म्हणाले. “गाडी चुकन.”

मी पिशवी घेतली. फाटकाशी पोचल्यावर लक्षात आलं, मोबाइल आतच राहिला. परत आले, तर खिडकीतून दिसलं. काका कोपरावर उठले होते. त्यांना एवढं उठायला किती त्रास होई, ते मला माहीत होतं. त्यांनी एक हात लांब करून शेजारच्या खाटेच्या कडेवर ठेवला होता आणि ते त्या माणसाशी बोलत होते. शब्द ऐकू येत नव्हते, ओठ हलताना दिसत होते, अगदी सावकाश. तो माणूस अजून घाबरलेलाच होता. पण त्यानं छताकडे बघणं सोडलं होतं, आणि मान वळवून तो काकांचं ऐकत होता.

मी आत गेले नाही. पंचफुलाला खुणेनं मोबाइल मागितला आणि निघाले. चार दिवसांनी सिस्टरचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते.